चुंबक चिकटत नाही

सवयीनं खिशातलं चुंबक काढलं,
बॉनेटला लावलं. घसरून पायावर पडलं.
बाई म्हणाल्या, अहो, फायबर आहे.
माहीत होतं. पण हाताला कोण सांगणार?

डॉल्फिन. दोन दारं. क्षेमकल्याणी साहेब प्रेसमध्ये होते,
दिवसभर कोऱ्या नोटा मोजायचे, दुसऱ्यांच्या,
आणि संध्याकाळी या डबीत बसून जेलरोडनं घरी.
आता ती अंबडला, माझ्या शेडमध्ये,
चाकं काढून ओंडक्यांवर,
आंघोळीला बसवलेल्या पोरासारखी.

पत्रा बरा. गंजतो, पण ठोकून घेतो.
फायबर गंजत नाही, आणि विसरत नाही.
कधीतरी दगड लागला असेल, गेटचा कोपरा, एखादा चेंडू;
त्या जागी वीस वर्षांनी कोळ्याचं जाळं उगवतं.
रिमूव्हर चालत नाही, रंगाबरोबर अंगही खातो.
म्हणून ऐंशी नंबरचा कागद, आणि हात.
कोपरापर्यंत पावडर थापायची आधी,
तरी रात्री काच कातडीत बोलते
आणि बायको माझी चादर वेगळी धुते.

मुनीर उस्ताद वडाळा नाक्यावर सांगायचे:
तडा बुजवू नको, दगू. आधी रुंद कर.
संपला वाटतो तिथून पुढे दोन बोटं.
मॅट कात्रीनं कापू नको, फाड,
कड विरळ झाली की शेजारच्यात मिसळते.
बुडबुडा राहिला तर तो उन्हाळ्यात तुझं नाव घेईल.
आणि काचेच्या जागी काच. दुसरं काही नाही.
हे शेवटचं, कान धरून.

डिसेंबर. निफाडला पारा उतरलेला,
द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात म्हणे,
इथं माझं रेझिन सुकेना.
दोन हॅलोजन लावले,
हार्डनरचे थेंब वाढवले, भीत भीत.

डाव्या मडगार्डचा रंग उतरवत होतो.
तिसरा थर गेला, प्रायमर गेला,
आणि पिवळ्या रेझिनच्या आत
निळा चौकडा दिसला.
कापड. टेरिकॉट.
एका टोकाला काज, बटण नाही.

बाईंना बोलावलं. म्हटलं, साहेबांनी घरीच केलेलं दिसतं.
त्यांनी चष्मा पुसला, वाकल्या, नखानं काज चाचपलं.
नाही हो, यांचा नाही.
हे चौकडा घालायचेच नाहीत. पांढरा. बारा महिने.
जरा खट्टू झाल्या. मीही झालो,
गोष्ट जवळजवळ जुळली होती.

पोरगं चहा आणायला गेलं तेव्हा आठवलं.
मी तेरा-चौदाचा. ईदच्या आदली संध्याकाळ,
कुणाची तरी गाडी सकाळी हवीच होती,
मॅट संपलेली, दुकानं बंद.
उस्ताद म्हणाले, तू जा घरी.
नाक्यावरून वळून पाहिलं तर ते बनियनवर
गाडीखाली वाकलेले.
मला वाटलं, उकडत असेल.
गाडी निळी होती का? असेल. शपथ नाही घेणार.

टिचकी मारली. भरीव आवाज.
बॅटरी धरून पाहिलं, बुडबुडा एकही नाही.
कडा बघितल्या:
फाडलेल्या. कापलेल्या नाहीत.

तो तुकडा काढला नाही.
वरून एक पातळ टिश्यू दिली, पुटी, चारशेचा कागद, पाणी,
मग आठशे, मग डोळे मिटून तळहात,
कारण डोळे लवकर समाधानी होतात.

मूळ रंग पेट्रोलच्या झाकणाच्या रबराखाली सापडला.
मोरचुदाचा निळा. तसाच घोटून घेतला.
पहाटे, एमआयडीसीचे ट्रक सुटायच्या आत,
जमिनीवर पाणी मारून तीन हात दिले.
तिसऱ्यात एक चिलट बसलं, छतावर, मधोमध.
त्याला उद्या बघू.

बिल लिहिलं. बाईंनी दोनदा वाचलं.
डाव्या मडगार्डचे पैसे लावले नाहीत?
म्हटलं, ते काम आधीच झालेलं होतं.